पाच महिन्यांचा लॅब्राडॉर आणि ॲजिलिटी: आज काय शिकवायचं, उड्या कधी

नागपुरातल्या मनीषनगरच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. घरी लॅब्राडॉर, नर, पाच महिन्यांचा, वजन १८ किलो, लसी पूर्ण. ॲजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाचे, व्हिडिओ पाहून त्यांच्या बारा वर्षांच्या मुलाने गच्चीवर विटा रचल्या आणि त्यावर पीव्हीसीचा पाइप आडवा ठेवला, साधारण दीड फुटावर. पहिले काही दिवस पिल्लू खुशीत उड्या मारत होतं. आता कधी मारतं, कधी बाजूने निघून जातं. एक ट्रेनर म्हणाला, सहा महिन्यांआधी काहीच शिकवू नका. दुसरा म्हणाला, आत्ताच अंग हलकं आहे, नंतर जड झाला की जमणार नाही. तर सुरुवात कधी करायची, आणि वर्ष-दीड वर्ष थांबलो तर उशीर होईल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मला दोन्ही ट्रेनरांचं पटत नाही. शिकवणं आजपासून सुरू करा. उंचीवरच्या उड्या, वीव्ह पोल (ज्यांच्यामधून नागमोडी पळायचं ते खांब) आणि चढ-उताराच्या फळ्या मात्र हाडं भरल्यावर, म्हणजे लॅबसाठी साधारण वर्ष-सव्वा वर्षानंतर. आणि उशीर अजिबात होणार नाही. हे 'का' ते सविस्तर सांगतो. कारण माहीत नसलं की मधल्या काळात कोणीतरी उत्साही शेजारी भेटतो, "अरे, मारतो तर आहे उडी!" म्हणतो आणि पाइप पुन्हा वर चढतो.

मुळात प्रश्नात ॲजिलिटी म्हणजे उडी असं धरलेलं आहे. ही समजूत सगळ्यांचीच असते, कारण हा खेळ आलाच घोड्यांवरून. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स डॉग शोमध्ये दोन स्पर्धांच्या मधल्या वेळात प्रेक्षकांचं मन रमावं म्हणून घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर कुत्र्यांचं एक प्रात्यक्षिक झालं, आणि तिथून तो पसरला. व्हिडिओतही उडीच डोळ्यांत भरते. पण मैदानात उभं राहून बघा. पंधरा-वीस अडथळे मांडलेले असतात, त्यांचा क्रम दर वेळी नवा असतो, आणि तो फक्त माणसाला माहीत असतो. कुत्र्याला दोरी नाही, तुमच्या हातात खाऊ नाही, त्याला स्पर्श करायचा नाही. पुढचा अडथळा कोणता हे त्याला कळतं ते तुमच्या खांद्यांवरून, पावलांवरून आणि आवाजावरून. अडथळे चुकतात त्यातले बरेचसे दोन अडथळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत चुकतात. कुत्रा तुमच्याकडे बघतच नव्हता, किंवा तुम्ही हात एकीकडे दाखवला आणि पावलं दुसरीकडे वळली. उडी मारता न येणारा निरोगी तरुण कुत्रा मी अजून पाहिलेला नाही. ती त्याला शिकवावी लागते तरी फार थोडी. वेळ लागतो तो बाकीच्याला, आणि त्या बाकीच्याला वयाची अट नाही.

आता हाडांचं. पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक मऊ पट्टी असते. हाड लांबीला वाढतं ते तिथून. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. वाढ संपली की त्या पट्टीचं हाड होतं आणि एक्स-रेमध्ये तिथली काळी रेघ दिसेनाशी होते. तोपर्यंत ती जागा आसपासच्या स्नायुबंधांपेक्षाही कमजोर असते. मोठा कुत्रा वेडावाकडा उतरला तर लचक भरून चार-आठ दिवस लंगडेल. त्याच उतरण्यात पिल्लाची ही पट्टी दुखावू शकते. पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं शेजारी-शेजारी वाढत असतात. एकाची पट्टी मार लागून आधीच बंद पडली आणि दुसरं वाढत राहिलं, तर पाय वाकडा होत जातो, आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही.

उडी घेताना जोर मागच्या पायांचा लागतो, पण खाली येताना भार पुढच्या दोन पायांवर पडतो. तुमच्या पिल्लाची खांद्यापर्यंतची उंची आत्ता फार तर दीड फूट, थोडी इकडे-तिकडे. म्हणजे मुलाने त्याला त्याच्या खांद्याइतका अडथळा दिला आहे, आणि तोही गच्चीच्या काँक्रीटवर. एकदा-दोनदा मारलेल्या उडीने काही बिघडत नाही. पिल्लं खेळतानाही उड्या मारतातच. बिघडतं ते तीच उडी, तीच उंची, त्याच कडक जमिनीवर रोज वीस-वीस वेळा झाल्यावर.

याचा अर्थ पिल्लाला गादीवर बसवून ठेवा असा नाही. नॉर्वेत लॅब्राडॉरसह चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला होता. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याचा दोष जास्त आढळला, आणि मोकळ्या, मऊ, उंचसखल जमिनीवर मनाप्रमाणे हुंदडणाऱ्या पिल्लांमध्ये कमी. तुमचं पिल्लू त्या वयातून पुढे आलं आहे. तरी पहिल्या मजल्यावर राहत असाल तर जिना पट्ट्यावर धरून, एकेक पायरी, सावकाश उतरवा. शेवटच्या तीन पायऱ्यांवरून झेप घ्यायची सवय लॅबला फार लवकर लागते.

मग तो बाजूने का निघून जातो? घरच्यांनी त्याला "जिद्दी झाला" ठरवलं असेल, पण या वयात मी आधी दुखणं तपासतो. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं बघा. अंग आखडलेलं वाटतं का? पळताना दोन्ही मागचे पाय जोडीने उचलतो का? आज एक पाय लंगडतो आणि आठवड्याने दुसराच, असं होतं का? मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांना हाडांचा एक सुजेचा आजार होतो, त्यात दुखणं असं पाय बदलत फिरतं. यातलं काहीही दिसलं तर सराव बंद आणि डॉक्टरकडे. काहीच दिसलं नाही तर बहुतेक कंटाळा असेल, किंवा नेमकं काय करायचं ते त्याला कोणी सांगितलेलंच नसेल. पाइपवरून गेला तरी शाबासकी, बाजूने गेला तरी टाळ्या आणि हशा, मग त्याने काय समजायचं?

आता अवलंबून कशाकशावर आहे ते सांगतो, कारण वर मी दिलेलं वय लॅबचं आहे. छोट्या जातींची हाडं आठ-दहा महिन्यांत भरतात. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांना बारा ते पंधरा महिने लागतात. ग्रेट डेन, सेंट बर्नार्डसारख्यांना दीड वर्ष आणि वरही. वयात येण्याआधी नसबंदी झाली असेल तर या पट्ट्या आणखी उशिरा बंद होतात, म्हणून त्याबद्दल डॉक्टरांशी बोलताना "याला खेळात उतरवायचं आहे" हे आवर्जून सांगा. डॅशुंडची पाठ लांब आणि मणक्यांमधल्या चकत्या नाजूक, त्याला मी उड्या आयुष्यभर जमिनीलगतच ठेवतो. चपट्या तोंडाच्या पगला नागपुरात खेळवायचं तर फक्त डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळी आणि तेही गमतीपुरतं. आणि आपला गावठी कुत्रा या खेळासाठी फारच उजवा. अंगाने सडपातळ, पायाने चपळ, ऊन जास्त सोसणारा. त्याची अडचण एकच, तो तुमच्याकडे खाऊसाठी सहज झुकत नाही, त्याचा भरवसा आधी कमवावा लागतो. लॅबचं अगदी उलट. लॅब पहिल्या बिस्किटाला तुमचा होतो, आणि दुसऱ्या बिस्किटाला शेजाऱ्याचाही.

त्यावरून वजनाचं आठवलं. लॅबच्या सांध्यांना उड्यांइतकाच दगा देतं ते जास्तीचं खाणं. ४८ लॅब्राडॉरांवर पिल्लूपणापासून शेवटपर्यंत चाललेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या कुत्र्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं दिलं होतं. ते सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. आपल्याकडे "वाढतं लेकरू आहे" म्हणून दूध-पोळी, वरून डॉग फूड आणि आजीच्या हातचं वेगळंच. बरगड्यांवर हात फिरवा. न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत. वरून बघितलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. सरावातला खाऊ रोजच्या जेवणातूनच काढायचा, वरचा नाही.

आता आज संध्याकाळपासून काय करायचं ते.

पहिलं काम, बोलावल्यावर येणं आणि गजबजाटातही तुमच्याकडे लक्ष देणं. मनीषनगर-बेसा भागात लेआउटमधला एखादा रिकामा प्लॉट सापडेल. आधी स्वतः चालून बघा. गिट्टी, काचा, खिळे असतातच. पिल्लाला दहा मीटरची दोरी लावा. मोकळं सोडायची घाई नको, चौकातली मोकाट कुत्री आणि वर्धा रोडची रहदारी दोन्ही जवळ आहेत. तो वास घेत फिरू दे. मध्येच आपणहून तुमच्याकडे बघेल. त्या क्षणी "यस!" म्हणा आणि तुमच्या पायाशी खाऊ द्या. हाक मारायची नाही, ओढायचं नाही. थोड्या दिवसांत तो दर पाच पावलांना मागे वळून बघायला लागतो. ॲजिलिटीतली निम्मी लढाई इथे जिंकली जाते, असं माझं मत आहे. यानंतर तुम्ही पळा, त्याला मागे येऊ द्या, अचानक उजवीकडे वळा, थांबा, डावीकडे वळा. तुमचा खांदा वळला की दिशा बदलते हे तो असंच शिकतो. त्याला दोन्ही बाजूंनी चालवा. आपल्याकडे 'हील', म्हणजे माणसाच्या पायाशी चालणं, फक्त डाव्या बाजूला शिकवतात आणि मग ॲजिलिटीत कुत्रा उजवीकडे आला की गोंधळतो.

दुसरं काम मागच्या पायांचं. बहुतेक कुत्र्यांना आपल्याला मागे दोन पाय आहेत याचा पत्ताच नसतो. पुढचे पाय जातील तिथे मागचे आपोआप ओढले जातात. फळीवरून घसरणारे, पाइप पाडणारे कुत्रे हेच. त्यासाठी घरातला एक जुना पाट घ्या, पक्का, न हलणारा, वर दाराचं रबरी पायपुसणं बांधा. पिल्लाचे पुढचे पाय पाटावर येतील असा खाऊ नाकापुढून न्या. पाय ठेवले की खाऊ. हे पक्कं झालं की तुम्ही त्याच्या अगदी समोर उभे राहा आणि स्वतः अर्धं पाऊल बाजूला सरका. त्याचं तोंड तुमच्याकडे वळेल, पुढचे पाय पाटावरच राहतील, आणि तोल सांभाळायला मागचा एक पाय बाजूला टाकावाच लागेल. नजर त्या एका पायावर ठेवा. तो उचलला गेला त्याच क्षणी "यस". दुसरा पाय मागून येईल, पुन्हा "यस". पहिल्या दिवशी दोन-तीन पावलांवर समाधान माना. काही दिवसांनी तो पाटाभोवती पूर्ण फेरी मारतो, आणि फेरी मारताना चेहऱ्यावर जो गंभीर भाव असतो तो पाहण्यासारखा असतो. उलट फेरीही शिकवा. प्रत्येक कुत्र्याची एक बाजू कच्ची असते. पाट फरशीवर सरकता कामा नये, आणि पिल्लूही. गुळगुळीत टाइल्सवर कुठलाच सराव नको. पंजातले वाढलेले केस आणि नखं कापलेली असू द्या.

तिसरं, जमिनीवरची साधनं. एक लांब फळी, फूटभर रुंद, सरळ जमिनीवर ठेवा. तिच्यावरून चालायचं आणि टोकाशी थांबायचं, मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर. पुढे वर्षभराने उंच फळीवरून आणि ए-फ्रेमवरून (तंबूसारख्या टेकवलेल्या दोन उतरत्या फळ्या) उतरताना त्याला हेच करायचं आहे. तिथे खालचा रंगवलेला पट्टा पायाखाली न घेता झेप घेतली तर दोष मोजला जातो. तेव्हा वेगात असताना शिकवण्यापेक्षा आत्ता जमिनीवर शिकवणं कितीतरी सोपं. लहान मुलांचा कापडी बोगदा मिळतो, तोही चालेल. आधी दाबून हातभर करा, घरच्या एकाने पिल्लाला एका टोकाशी धरायचं, दुसऱ्याने पलीकडून आत डोकावून हाक मारायची. आरपार चेहरा दिसला की बहुतेक पिल्लं घुसतात. मग हळूहळू लांबवा, आणि वळण सगळ्यात शेवटी, कारण वळणात पलीकडचं दिसत नाही. दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टेकवा. बोगदा एकदा पिल्लासकट लोळला की ते महिनाभर जवळ फिरकत नाही. पावसाळ्यात बोगदा रात्रभर बाहेर राहिला असेल तर आधी आतून काठी फिरवा, विंचू-सापाचे दिवस आहेत.

झुलत्या फळीची, म्हणजे सी-सॉची भीती ही हालचालीची आणि आवाजाची असते. त्यासाठी प्लायवूडचा चौकोन घ्या, मधोमध खाली अर्धा कापलेला टेनिस बॉल. पिल्लाने पाय टेकवला की प्लाय 'टक' वाजते, आणि वाजली की खाऊ. आवाज होणं ही चांगली गोष्ट आहे हे एवढ्या वयात मनात बसलं की पुढे फार सोपं जातं.

आणि मुलाने रचलेल्या त्या अडथळ्याचं काय? तो मोडू नका, विटा काढा. पाइप जमिनीवर ठेवा. दोन्ही टोकांना एकेक उभी वस्तू ठेवा, वाहतुकीचे छोटे शंकू किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. आता पिल्लाला त्या दोन खुणांच्या मधून जायचं आहे. गेलं की पुढे खेळणं फेका, म्हणजे नजर समोर राहते. सतत तुमच्या हाताकडे बघत वाकडं जाणारा कुत्रा पुढे पाइप पाडतो. मग एका खुणेला वळसा घालून परत यायला शिकवा, डावीकडून आणि उजवीकडून. मुलाला हे उड्यांपेक्षा जास्त आवडेल, कारण यात त्यालाही पळावं लागतं. फक्त पाइप उचलायची परवानगी त्याला देऊ नका. सहा-सात महिन्यांपासून पाइप पिल्लाच्या पुढच्या मनगटाइतका वर घेतला तर चालतो, ती उडी नसतेच, ओलांडणं असतं. पाइप नेहमी नुसता टेकवलेला, धक्का लागताच पडणारा हवा. विटांच्या खाचेत अडकवलेला पाइप पडत नाही, मग पिल्लू पडतं.

हे सगळं मिळून एका वेळी पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. तेवढं पुरतं. पिल्लू अजून मागत असतानाच थांबवा. आमच्याकडे येणाऱ्यांना हे सांगून माझं तोंड दुखतं. "सर, अजून करून राहिला ना तो!" करून राहिला आहे म्हणूनच थांबायचं.

आता नागपूरचं पंचांग. ते तुमच्या बाजूचं आहे. आत्ता जुलै सुरू आहे, म्हणजे पिल्लाचा जन्म फेब्रुवारीचा. पावसाळ्यात आपली काळी माती पायाखाली घसरते, वरून गोचीड. तेव्हा पाट, फळी, 'टक'चा खेळ असं सगळं घरात किंवा व्हरांड्यात करा. गोचीड रोज बोटांनी शोधा, कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात. चांगला शिकणारा कुत्रा अचानक मंद झाला, जेवण सोडलं, तर शिस्तीचा प्रश्न समजू नका, रक्त तपासा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत वाळतं आणि कुसळं पंजात, कानात शिरतात. सराटेही त्याच सुमारास. मोकळ्या मैदानावरून आलात की पंजे उघडून बघायचेच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम. तेव्हा तो नऊ ते बारा महिन्यांचा असेल. हाच काळ मैदानातल्या पळण्या-वळण्याचा, बोगद्याचा, इतर कुत्रे आजूबाजूला असताना लक्ष टिकवण्याचा. याच वयात तो वयात येईल आणि शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल. दोरी पुन्हा लावा आणि चिडू नका, ते ओसरतं.

मग उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या आसपास असतो तेव्हा मैदानावर सराव हा शब्दही काढू नका. कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापा टाकून, आणि हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग राहत नाही. पहाटे साडेपाचच्या आत फिरून या. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर त्याचे पंजेही टेकवू नका. दुपारी कुलरसमोर चटई टाकून पाटाचं काम, बस. न थांबणाऱ्या धापा, लाळ, लडखडणं, हिरड्या गडद लाल दिसणं अशी चिन्हं दिसली तर सावलीत घ्या, सगळ्या अंगावर साधं गार पाणी ओता, पंखा लावा आणि तसंच ओलं डॉक्टरकडे न्या. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, ४१च्या वर जीवावर बेततं.

त्या उन्हाळ्यात तो पंधरा महिन्यांचा असेल, आणि तसंही काम बंद. तेव्हा एक्स-रे काढून घ्या. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तुमचे नेहमीचे डॉक्टर आहेत. ग्रोथ प्लेट बंद झाल्या का एवढंच विचारू नका, खुबे आणि कोपरही त्याच खेपेत बघायला सांगा. खुब्याच्या नीट फोटोसाठी गुंगी द्यावी लागते, ती एकदाच दिलेली बरी. लॅबमध्ये खुब्याचे आणि कोपराचे दोष इतके आहेत की ही तपासणी टाळून उड्या सुरू करणं मला मान्य नाही. खुबे बरे नसले तरी खेळ संपत नाही. पाइप जमिनीलगत ठेवून, बोगदे आणि वळणं घेऊन तो आयुष्यभर मजेत खेळतो. फक्त स्पर्धेचा विचार सोडावा लागतो.

सगळं ठीक निघालं तर पाऊस ओसरल्यावर उंची वाढवायची. मनगटापासून कोपरापर्यंत, मग हळूहळू वर. एका वेळी पाच-सात सेंटिमीटरच, आणि दर उंचीवर दोन-तीन आठवडे. आठवड्यातून दोन-तीन दिवसच उड्या, त्याही गवतावर किंवा मऊ मातीत. सुरुवातीला दहा मिनिटं चालवून, दुडक्या चालीने फिरवून अंग गरम करायचं. वीव्ह पोल सगळ्यात शेवटी घ्या. बारा खांब, दोन खांबांमध्ये ६० सेंटिमीटर, आणि आत शिरताना पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी आलाच पाहिजे. त्यात पाठीचा कणा सारखा डावी-उजवीकडे मुरडतो, म्हणून उंची नसली तरी हे काम लहान वयाचं नाही. आधी खांबांच्या दोन रांगा करून मधून सरळ पळू द्या, मग रांगा थोड्या-थोड्या जवळ आणा.

स्पर्धेचं विचाराल तर एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या नियमात दीड वर्षाखालच्या कुत्र्याला मैदानात घेतच नाहीत. तुमचा लॅब खांद्याला ४८ सेंटिमीटरच्या वर जाणार, म्हणजे 'लार्ज' गटात, जिथे पाइप ५५ ते ६० सेंटिमीटरवर असतो. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याला दीड वर्ष होईल, आणि आपल्याकडचे डॉग शो बहुतेक थंडीतच असतात. म्हणजे आज घाई करून तुम्ही जे महिने वाचवाल ते कुठेही खर्च होणार नाहीत.

ट्रेनर निवडताना एकदा कुत्र्याशिवाय जाऊन अर्धा तास नुसतं बघा. गळ्यात आवळणारी साखळी, सहा-सात महिन्यांचं पिल्लू उंच पाइपवरून पट्ट्याने ओढलं जातंय, उन्हं वर आली तरी वर्ग सुरू, यातलं काही दिसलं तर नमस्कार करून परत या. कुत्र्यांच्या शेपट्या बघा, आणि चुकल्यावर ट्रेनर काय करतो ते बघा. ट्रेनरने तुम्हालाच पळायला लावलं, तुमच्या पावलांवर ओरडला आणि कुत्र्याला खाऊ दिला, तर फी विचारायला हरकत नाही.